दर तीन आठवड्यांनी बाहेर पडणारी डिस्क: स्क्रिप्ट देत नाही, कारण सांगतो

सेलूच्या एका स्टुडिओवाल्या दादांनी विचारलंय. लग्नाचे फोटो-व्हिडिओ ठेवायला त्यांनी उबंटू लिनक्सवर चार डिस्कचा सॉफ्टवेअर रेड-५ केलाय, प्रत्येक डिस्क ४ टीबीची. रेड-५ म्हणजे सगळ्या डिस्क मिळून एकच साठा (अ‍ॅरे); त्यात डेटासोबत हिशेबाचे तुकडे ठेवलेले असतात, म्हणून एक डिस्क गेली तरी डेटा राहतो. दोन-तीन आठवड्यांनी एक डिस्क, बहुतेक वेळा तीच, ‘फॉल्टी’ होऊन बाहेर पडते. मग एका व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे ते ती रिमूव्ह करतात, तिचा सुपरब्लॉक (ती कुठल्या अ‍ॅरेतली हे सांगणारी डिस्कवरची नोंद) पुसतात, परत अ‍ॅड करतात आणि आठ-दहा तासांत सगळं पूर्ववत होतं. लगीनसराई तोंडावर आलीय. म्हणून डिस्क पडली की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज यावा आणि हे रिमूव्ह-अ‍ॅड आपोआप करणारी एक स्क्रिप्ट मिळावी, एवढं त्यांना हवंय.

दादा, मेसेजचं जमवून देतो. स्क्रिप्ट देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी दिली तरी चालवू नका. तुम्ही विचारलंय डिस्कची अवस्था आपोआप ठीक कशी करायची ते. पण तुमची अडचण ती नाहीच. एकच डिस्क परत परत का पडते हे तुम्हाला अजून कळलेलं नाही, आणि प्रत्येक वेळी सुपरब्लॉक पुसून ते कळायचा पुरावाच तुम्ही पुसून टाकताय, ही खरी अडचण आहे.

मी लातूरचा. चौदा-पंधरा वर्षं क्लासेस, पॅथॉलॉजी लॅब, पतसंस्था, मोंढ्यातली आडत दुकानं यांना छोटे सर्व्हर बसवून देतो. माझे सर्व्हर जिन्याखाली नाहीतर देवघराशेजारी असतात, एसीत नसतात. मोठ्या डेटा सेंटरवाल्यांचे नियम थोडे वेगळे असतील, तुमची-माझी परिस्थिती मात्र सारखी आहे. मोबाइलवरून लिहितोय, त्यामुळे कमांड बोलतो तशा देवनागरीतच देतोय. टाइप करताना नीट इंग्रजीत करा.

आधी ‘फॉल्टी’ या शब्दाबद्दल. प्रॉकमधल्या एमडीस्टॅट फाइलमध्ये डिस्कच्या नावापुढं गोल कंसात एफ येतो, आणि चौकटी कंसात चार यू असायचे तिथं तीन यू आणि एक रेघ दिसते. लोक ते बघून म्हणतात, डिस्क गेली. पण हे मत रेड चालवणाऱ्या लिनक्सच्या एमडी ड्रायव्हरचं आहे. डिस्कला कुणी काही विचारलेलं नाही. ड्रायव्हरनं काहीतरी लिहायला सांगितलं, ते झालं नाही, म्हणून त्यानं तिला पंगतीतून उठवलं. ती आजारी होती, की तिच्यापर्यंत निरोपच पोचला नाही, की ती उत्तर द्यायला उशीर करत होती, हे एफ सांगत नाही.

आतलं चक्र एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. डिस्कवरचा एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर रेड-५ मध्ये एमडी लगेच डिस्क बाहेर काढत नाही. उरलेल्या डिस्कवरून तो तुकडा हिशेबानं परत बनवतो, त्याच जागी लिहून टाकतो आणि पुन्हा वाचून बघतो. वाचता आलं तर डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये) ‘रीड एरर करेक्टेड’ अशी ओळ पडते आणि काम पुढं चालतं. तुम्हाला काहीच कळत नाही. दुरुस्तीचं हे लिहिणंच फसलं तर मात्र एफ लागतो. म्हणजे एफ दिसायच्या आधी डिस्कनं अनेकदा कण्हून घेतलेलं असतं. ते कण्हणं मोजायचीही सोय आहे: सिस फोल्डरमध्ये अ‍ॅरेच्या आत प्रत्येक डिस्कचा एक फोल्डर असतो, त्यात ‘एरर्स’ नावाची फाइल असते. वाचताना चूक झाली पण डिस्क बाहेर काढावी लागली नाही, अशा प्रसंगांची ती साधारण मोजणी असते. तुमच्या चारही डिस्कचा हा आकडा आजच बघा. सुपरब्लॉक नव्या पद्धतीचा (आवृत्ती १) असेल तर मशीन बंद-चालू केलं तरी तो टिकून राहतो, हे ध्यानात ठेवा.

आता तुमच्या डिस्कवर माझा संशय कुठं कुठं जातो ते सांगतो. तीन ठिकाणी जातो. नक्की कुठलं ते मशीन समोर नसताना कुणी ठामपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण पडताळायचं कसं ते सांगता येतं.

सगळ्यात जास्त संशय वेळेच्या भांडणावर. तुम्ही डिस्क कुठल्या घेतल्या ते लिहिलेलं नाही, पण तालुक्याच्या ठिकाणी जी मिळते ती साधी डेस्कटॉपची, असं धरून चालतो. अशा डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती हट्टानं प्रयत्न करत बसते, कधी दोन-दोन मिनिटं. एकट्या डिस्कच्या कॉम्प्युटरात हे बरोबरच आहे, कारण तिथं दुसरी प्रत नसते. लिनक्सचा कर्नल मात्र मुळात ३० सेकंदच थांबतो. त्यानंतर तो कनेक्शन रीसेट करतो. डिस्क अजून त्याच सेक्टरशी झटत असते, ती रीसेटलाही नीट दाद देत नाही. तेवढ्यात एमडी दुरुस्तीचा तुकडा लिहायला जातो, तेही लिहिलं जात नाही, आणि एका वाईट सेक्टरपायी चार टीबीची अख्खी डिस्क बाहेर. नॅससाठी किंवा सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये ही झटापट किती वेळ करायची त्याची मर्यादा घालता येते. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. ती वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडला ‘एससीटी-ईआरसी’ (ही वेळमर्यादा) विचारलं की डिस्क ते मानते का हे कळतं. मानत असेल तर ७०, ७० असे दोन आकडे द्या. एकक सेकंदाचा दहावा भाग असतं, म्हणजे ७ सेकंद. बहुतेक डिस्क हे वीज गेली की विसरतात, म्हणून मशीन चालू होताना दर वेळी ही कमांड चालली पाहिजे. डिस्क मानतच नसेल तर उलट करा: सिस फोल्डरमधला त्या डिस्कचा ‘टाइमआउट’ ३० वरून १८० करा, म्हणजे कर्नल तिची वाट बघेल. तेवढा वेळ फाइल उघडताना स्क्रीन अडकल्यासारखी होईल. होऊ द्या. माझ्या कामात ‘दर महिन्याला डिस्क पडते’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यावरच थांबल्यात.

दुसरा संशय केबल आणि एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर. स्मार्टच्या यादीत १९९ क्रमांकाची ओळ असते, सीआरसी एरर. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडला की हा आकडा वाढतो. तो कधी कमी होत नाही, त्यामुळे आज १४ दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. आठ दिवसांनी ३० झाला तर डिस्कला दोष न देता डेटा केबल बदला. केबल बदलूनही वाढला तर बोर्डवरचं पोर्ट बदला. वीज देणाऱ्या वायरीला मधे ‘वाय’ जोड लावून दोन डिस्क चालवल्या असतील तर तो जोड आधी काढा. परभणीकडच्या एका जिनिंगमध्ये मी हे शिकलो. दहा मिनिटांच्या आत दोन डिस्क पडल्या. दोघी एकाच जोडावर होत्या आणि आतमध्ये कापसाच्या तंतूंचा थर इतका बसला होता की पंखा दिसतच नव्हता. मालक म्हणाले, ‘दोन्ही डिस्क एकदम कशा काय जातील हो?’ त्यांचं बरोबर होतं. दोन डिस्क एकाच वेळी मरत नाहीत असं नाही, पण तसं दिसलं की दोघींमध्ये सामाईक काय आहे ते आधी बघावं. तुम्हीही कापसाच्या पट्ट्यातलेच, झाकण उघडून बघा.

तिसरा संशय डिस्क खरंच जात असल्याचा. आणि इथंच तुमची रिमूव्ह-अ‍ॅडची पद्धत फसवते. डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर असले की स्मार्टमध्ये १९७ क्रमांकाचा आकडा, ‘करंट पेंडिंग’, वाढतो. त्या सेक्टरवर नव्यानं काही लिहिलं की डिस्क ठरवते: जमलं तर तीच जागा वापरायची, नाहीतर राखीव जागेतला सेक्टर तिच्या नावानं लावायचा. राखीव जागा वापरली की ५ क्रमांकाचा आकडा, ‘रीअ‍ॅलोकेटेड’, वाढतो. आता बघा काय होतं. तुम्ही सुपरब्लॉक पुसून अ‍ॅड करता, म्हणजे एमडीला ती कोरी डिस्क वाटते आणि पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत तो सगळं लिहून काढतो. लिहिताना सगळे पेंडिंग सेक्टर एकतर सुधारतात नाहीतर बदलले जातात. १९७ शून्यावर येतो. तुम्ही म्हणता, ‘बघा, अ‍ॅड केली की बरी होते.’ बरी झालेली नसते, जखमेवर पट्टी बसलेली असते. तीन आठवड्यांनी नवे सेक्टर जातात आणि चक्र परत सुरू. म्हणून पुढच्या वेळी पडली तर काही करायच्या आधी स्मार्टचे सगळे आकडे आणि डीमेसेजच्या शेवटच्या दोनेकशे ओळी एका फाइलमध्ये साठवून ठेवा.

स्मार्टबद्दल भोळेपणा नको, हेही इथंच सांगतो. २००७ साली गूगलच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात, स्कॅनमध्ये पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाला. म्हणजे पहिली चूक गंभीरच घ्यायची. पण त्याच अभ्यासात असंही निघालं की निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. स्मार्ट ओरडलं तर ऐका. गप्प राहिलं तर निर्धास्त होऊ नका.

आता स्क्रिप्ट का नको ते लक्षात येईल. रीबिल्ड म्हणजे उरलेल्या तीन डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढणं. ४ टीबी, सेकंदाला सरासरी १२० एमबी धरले तर नऊ तासांच्या वर जातात. त्या नऊ तासांत तुमच्याकडं सुरक्षेची एकही डिस्क नसते. त्या तीनपैकी एखादीवर न वाचता येणारा सेक्टर निघाला तर तिथला तुकडा परत बनवायला दुसरं काही शिल्लक नाही. आणि तीच डिस्क वेळेच्या भांडणात अडकून बाहेर पडली तर अ‍ॅरेच बंद. हे जोखमीचे नऊ तास दर तीन आठवड्यांनी, कुणी न बघता, रात्री-अपरात्री सुरू करणारी स्क्रिप्ट तुम्ही मागताय. शिवाय स्क्रिप्टला कुठली डिस्क कशामुळं पडली यातला फरक कळत नाही. ती जिनिंगवाल्यांकडं असती तर तिनं जोड सैल असताना दोन्ही डिस्कचे सुपरब्लॉक पुसले असते. मग मला हात जोडून घरी यावं लागलं असतं.

सुपरब्लॉक पुसण्याचं तर कारणच नाही. त्यात अ‍ॅरेतली तिची जागा आणि ‘इव्हेंट्स’ नावाचा एक आकडा असतो. अ‍ॅरेत काही बदललं की तो वाढतो, आणि बाहेर पडलेल्या डिस्कचा मागं राहतो. एमडीअ‍ॅडमला (अ‍ॅरे सांभाळायच्या कमांडला) ‘एक्झामिन’ सांगून तो प्रत्येक डिस्कवर वाचता येतो. ती कधी पडली, किती मागं राहिली, हे त्यावरून कळतं. अ‍ॅरेला बिटमॅप, म्हणजे कुठला भाग बदलला याची खूण ठेवणारी नोंद, असेल (एमडीस्टॅटमध्ये बिटमॅपची ओळ दिसते) आणि डिस्क फक्त केबलमुळं पडली असेल, तर ‘री-अ‍ॅड’ केल्यावर एमडी मधल्या काळात बदललेला भागच लिहितो. नऊ तासांचं काम काही मिनिटांत होतं. साधं ‘अ‍ॅड’ म्हटलं तरी एमडीअ‍ॅडम सुपरब्लॉक ओळखून आधी हेच करून बघतो. तुम्ही सुपरब्लॉक पुसता म्हणून तुम्हाला आठ-दहा तास लागतात. बिटमॅप नसेल तर ‘ग्रो’ वापरून चालू अ‍ॅरेवरही लावता येतो. लाइट गेल्यावर होणारा रीसिंकही त्यानं आटोपशीर होतो, आणि आपल्याकडं लाइट जाण्याचं काही वेगळं सांगायला नको.

हो, लाइटवरून आठवलं. रेड-५ ला यूपीएस हवाच, त्यात चर्चा नाही. एक डिस्क बाहेर असताना लिहिता-लिहिता वीज गेली तर अ‍ॅरे ‘डर्टी’ आणि ‘डीग्रेडेड’ दोन्ही होतो. असा अ‍ॅरे लिनक्स आपणहून सुरू करत नाही, कारण हिशेबाच्या तुकड्यावर विश्वास ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येत नाही. सकाळी मशीन चालू करताना अ‍ॅरे ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ दिसतो आणि माणूस घाबरून नको ते करतो. नको ते म्हणजे ‘क्रिएट’. चालू अ‍ॅरे हरवला म्हणून कधीही परत क्रिएट करू नका. अशा वेळी ‘असेंबल’ आणि गरज पडली तरच ‘फोर्स’, तेही इव्हेंट्सचे आकडे कागदावर उतरवून घेतल्यावर.

याबाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. नांदेडच्या एका लॅबमध्ये रेड-५ ची एसडीबी पडली होती. मी मशीन चालू ठेवूनच डिस्क उपसली, वरून दुसऱ्या नंबरची. ती निघाली एसडीसी. बोर्डवरचा पोर्टचा क्रम आणि लिनक्सनं दिलेली अक्षरं यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, बूटागणिक ती बदलूही शकतात. हे मला माहीत होतं, तरीही केलं. चारपैकी दोन डिस्क नाहीत, अ‍ॅरे मेला, आणि बाहेर पेशंट रिपोर्टसाठी बसलेले. मशीन बंद केलं, डिस्क जागेवर लावली, एक्झामिन केलं. चांगल्या तिघींच्या इव्हेंट्समध्ये मोजक्या आकड्यांचा फरक होता, एसडीबी मात्र फार मागं. तिला बाजूला ठेवून तिघींवर असेंबल-फोर्स केलं, फाइल सिस्टिम तपासली, अ‍ॅरे उभा राहिला. लॅबवाल्या मॅडमनी चहा दिला, पण तो गेला नाही. त्या दिवसापासून प्रत्येक डिस्कच्या दिसणाऱ्या कडेला सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेली पट्टी चिकटवतो आणि कमांडमध्ये अक्षरांऐवजी ‘बाय-आयडी’ फोल्डरमधलं नाव वापरतो. तुम्ही हे आजच करा, मशीन नीट चालू असताना.

आता निरोपाकडं. एमडीअ‍ॅडममध्येच मॉनिटरची सोय आहे आणि उबंटूत ती बहुधा आधीच चालू असते. घोळ पुढं होतो. कॉन्फ फाइलमध्ये ‘मेलअ‍ॅडर’ म्हणून रूट लिहिलेलं असतं, आणि मशीनवर मेल बाहेर पाठवायची व्यवस्थाच नसते. एका पतसंस्थेत मी रूटची मेलपेटी उघडली तर सात महिन्यांचे ‘डीग्रेडेड अ‍ॅरे’चे निरोप पडलेले, रोज एक. मशीन बिचारं रोज सांगत होतं.

मेलचा नाद सोडा. त्याच कॉन्फ फाइलमध्ये ‘प्रोग्रॅम’ अशी ओळ देता येते. काही घडलं की मॉनिटर तुमची स्क्रिप्ट चालवतो आणि तिला घटनेचं नाव, अ‍ॅरेचं नाव आणि लागू असेल तर डिस्कचं नाव हातात देतो. ही स्क्रिप्ट तुम्ही जरूर लिहा, कारण ती फक्त बोलते, हात लावत नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी बिझनेस एपीआय वगैरे भानगडी आहेत. टेलिग्रामचा बॉट पंधरा मिनिटांत तयार होतो आणि कर्लच्या एका ओळीत मेसेज जातो. मेलवर फक्त मोजक्या घटना येतात: डिस्क पडली, स्पेअर (राखीव डिस्क) पडली, अ‍ॅरे डीग्रेडेड आहे, स्पेअर कमी आहेत, आणि चाचणी. प्रोग्रॅमला मात्र रीबिल्ड सुरू झाला, किती टक्के झाला, संपला, अ‍ॅरेच गायब झाला, हे सगळं कळतं. स्क्रिप्ट लावल्यावर ‘वनशॉट’ आणि ‘टेस्ट’ हे दोन्ही देऊन मॉनिटर एकदा चालवा. मोबाइल वाजला तरच काम झालं असं समजा.

त्याच्या जोडीला मी आणखी एक करतो. रोज सकाळी नऊला सर्व्हर स्वतःहून एक ओळ पाठवतो: चार यू, चौघींचे ५, १९७, १९८ (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले सेक्टर), १९९ हे आकडे, तापमान, आणि डिस्क किती भरली. हे ‘मी ठीक आहे’ महत्त्वाचं आहे, कारण मशीन बंद असेल, नेट गेलं असेल किंवा मॉनिटरच मेला असेल तर संकटाचा मेसेज येणारच नाही. नऊची ओळ आली नाही की मी फोन करतो. अर्ध्या वेळा उत्तर येतं, ‘लाइट नाही, सर.’

स्मार्टची स्वतःची पहारेकरी सेवा आहे, स्मार्टडी. ती लावा: रोज छोटी चाचणी, आठवड्याला मोठी. चौघींच्या मोठ्या चाचण्या एकाच रात्री ठेवू नका.

आणि महिन्यातून एकदा अ‍ॅरेची पूर्ण तपासणी. ‘सिंक अ‍ॅक्शन’ फाइलमध्ये ‘चेक’ लिहिलं की एमडी सगळ्या डिस्क वाचून काढतो आणि न वाचता येणारे सेक्टर सापडले तर चौघी शाबूत असतानाच दुरुस्त करतो. रीबिल्डच्या वेळी फुटायचा बॉम्ब आधीच निकामी होतो तो इथं. उबंटूत ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होईल अशी ठेवलेली असते. आता मला सांगा, तुम्ही स्टुडिओचं मशीन रात्री बंद करून घरी जाता का? जात असाल तर ही तपासणी कदाचित कधीच पूर्ण झालेली नाही. तसं असेल तर ज्या दिवशी गिऱ्हाईक कमी असतं त्या दिवशी सकाळी हातानं सुरू करा. काम अडत असेल तर वेग कमाल किती असावा ते ठरवता येतं, थांबवायचं असेल तर ‘आयडल’ लिहा. तपासणी संपल्यावर ‘मिसमॅच काउंट’ बघा. रेड-५ मध्ये तो शून्य असायला हवा. शून्य नसेल तर उत्साहानं ‘रिपेअर’ लिहू नका. रिपेअर डेटा बरोबर धरतो आणि हिशेबाचा तुकडा नव्यानं लिहितो, खरं चुकलेलं कुठलं हे त्यालाही कळत नाही.

राहिला ताबा. डिस्कच्या अवस्था हातानं बदलता येतातच, त्यासाठीच एमडीअ‍ॅडम आहे. ‘फेल’ म्हणजे मुद्दाम एफ लावणं, ‘रिमूव्ह’ म्हणजे अ‍ॅरेतून काढणं, ‘अ‍ॅड’ म्हणजे स्पेअर म्हणून आत घेणं. सिस फोल्डरमध्ये प्रत्येक डिस्कची ‘स्टेट’ फाइल असते, तिथंही हे लिहिता येतं. पण ‘बरी हो’ असं लिहून कुणी बरी होत नाही. ‘इन सिंक’ हा शब्द तिनं रीबिल्ड पूर्ण करून कमवायचा असतो.

तुमच्या कामाचा खरा शब्द मात्र ‘रिप्लेस’ आहे, आणि तोच लोकांना माहीत नसतो. संशयित डिस्क अजून आत असताना पाचवी डिस्क जोडायची, स्पेअर म्हणून अ‍ॅड करायची आणि सांगायचं: हिला तिच्या जागी घे. एमडी जुन्या डिस्कवरून नवीवर नक्कल करतो, जुनीवर एखादा सेक्टर वाचता आला नाही तर तेवढाच उरलेल्या तिघींवरून बनवतो. नक्कल पूर्ण झाल्यावरच जुनीला एफ लागतो. या सगळ्या वेळात सुरक्षा एक क्षणही कमी होत नाही. एमडीस्टॅटमध्ये नव्या डिस्कपुढं कंसात आर दिसतो. फेल-रिमूव्ह-अ‍ॅडच्या क्रमात जो नऊ तासांचा उघडा काळ असतो, तो इथं नाहीच. अट एकच, बोर्डवर एक पोर्ट रिकामं हवं. नसेल तर सहाशे-हजार रुपयांचं साटा कार्ड घ्या. नवी डिस्क जुनीपेक्षा एका सेक्टरनंही लहान नको, आणि ‘शिंगल्ड’ (लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर चढवलेल्या) पद्धतीची नको. त्या स्वस्त असतात, पण सलग लिहिताना मधेच इतक्या मंदावतात की रीबिल्ड दिवसांवर जातो.

क्रम तुमच्यासाठी असा ठेवतो. आज या वर्षीच्या सगळ्या लग्नांची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती घरी न्या. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट केलेलं लग्न चारही डिस्कवरून एकाच क्षणी जातं. मग स्मार्टचे आकडे, ईआरसी किंवा टाइमआउट, पट्ट्या, केबल. एवढं झाल्यावर चेक चालवा. १९७ किंवा १९८ शून्याच्या वर असेल, किंवा ५ आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर पाचवी डिस्क आणून रिप्लेस. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्कचे पैसे वाचले. काहीच वाढत नसेल आणि टाइमआउट बदलल्यावर महिनाभर पडली नाही, तर ते वेळेचं भांडण होतं. मे महिन्यात तुमच्याकडं पारा ४२-४३ च्या पुढं जातो, म्हणून तापमानाकडंही लक्ष ठेवा. डिस्क ५० च्या वर राहत असेल तर दोन डिस्कमध्ये एक खण मोकळा सोडा आणि समोर १२० मिलीमीटरचा पंखा लावा. उन्हामुळंच पडते असं मी म्हणत नाही, पण उन्हाळ्यात बिघाड शोधायला माझा जीव जास्त जातो.

तुमच्याकडून मला आता एवढं हवंय: चारही डिस्कची मॉडेल, ५, १९७, १९८ आणि १९९ हे आकडे, ईआरसी विचारल्यावर काय उत्तर येतं ते, आणि पडणारी डिस्क दर वेळी त्याच सिरियल नंबरची असते की त्याच पोर्टवरची. हे शेवटचं कसं कळणार? तिची आणि शेजारणीची केबल आपसात बदला, मशीन बंद करून. पुढच्या वेळी कोण पडते ते बघू.